पिन सत्तेचाळीस

ओळ तशी साधीच होती. सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास मी टेबलावर उघडून ठेवलेल्या मशीनमध्ये नवं कर्नल, म्हणजे मशीनचा मूळ प्रोग्रॅम, चढवलं, आणि सुरू होताना ते जी दोनतीनशे ओळींची बडबड करतं तिच्यात ती येऊन गेली. पिन सत्तेचाळीस बझरच्या नावावर आहे, पडद्याला देता येत नाही. पडदा काळाच राहिला. पलीकडच्या टेबलावर चाचणीवाली मुलगी कानात बोंडं घालून गाणी ऐकत होती, तिचा पाय टेबलाखाली ठेका धरत होता. मी कॉफीचा कप उचलला होता तो तसाच हातात राहिला. त्या ओळीचा अर्थ कळायला आणखी अर्धा तास लागणार होता. मी कप खाली ठेवला आणि ओळ पुन्हा वाचली.

चिपला पाय असतात, दीडएकशे. आम्ही त्यांना पिना म्हणतो. एकेका पिनेतून एकेक तार निघते आणि कुठल्या तरी वस्तूला जाऊन मिळते. बझर, पडदा, पंखा, लाल दिवा. प्रत्येक वस्तूचा एक ड्रायव्हर असतो, म्हणजे तिची उस्तवार करणारा प्रोग्रॅम, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर कर्नल. कर्नलमधल्या एका भागाचं काम एवढंच की कुठली पिन कुणाकडे आहे त्याची नोंद ठेवायची. ड्रायव्हरने यायचं, पिन मागायची. रिकामी असेल तर त्याचं नाव लागतं. नसेल तर नकार मिळतो, आणि नकार मिळालेला ड्रायव्हर बहुधा रुसून बसतो, आपली वस्तू सुरूच करत नाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, त्यातला प्रकार. नव्या मुलांना शिकवताना मी म्हणायचो की हा नाही म्हणणारा भाग म्हणजे घरातला वडीलधारा. सगळ्यांच्या शिव्या खातो पण घर फुटू देत नाही. मुलं हसायची. मलाही माझं वाक्य आवडायचं. आणि आता तो वडीलधारा मला सांगत होता की बझर आणि पडदा एकच पिन मागतायत. मशीन तेच, पडदा तोच, तीन वर्षं आम्ही हेच विकत होतो. मग तीन वर्षं हा गप्प का होता?

आधी मी लांब्याला धरलं. लांब्या म्हणजे आमचा बोर्ड आखणारा, दीड वर्षापूर्वी नोकरी सोडून गेलेला. गेलेल्या माणसाइतका सोयीचा गुन्हेगार नसतो. जुन्या बोर्डावर पडदा विझवायला एक वेगळी तार होती, सत्तेचाळीस नंबरच्या पिनेवरून निघणारी. पुढे पडदा नवा आला, तो आपला आपण विझायला शिकलेला होता, तारेची गरज उरली नाही. लांब्याने मोकळी झालेली पिन बझरला दिली. पण कुठली वस्तू कुठल्या पिनेवर हे ज्या यादीत लिहितात तिच्यातून पडद्याची जुनी नोंद काढायला तो विसरला. म्हणजे बोर्डावर पिन बझरची, आणि यादीत दोघांची. मला एकदम हलकं वाटलं. लांब्याची चूक! मी त्याला मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या. पण हलकं वाटणं पाच मिनिटांपलीकडे टिकेना, कारण अशीच चूक पकडायला तर नकार असतो, आणि नकार आला नव्हता. मी कोडचा इतिहास उघडला. आमच्यात कुणी कुठल्या दिवशी कुठला शब्द बदलला ते सगळं राहतं, पुसता येत नाही. जुन्या कर्नलमध्ये एका जागी एक शब्द बदललेला होता, नव्यात तो मुळातलाच होता. एका पिनेला एकच मालक, हा नियम कडक पाळायचा का? तिथे 'होय' होतं त्याचं कुणीतरी 'नाही' केलं होतं. तारीख इस्पितळवाल्यांना मशीन दाखवायच्या आदल्या संध्याकाळची. शेजारी शेरा: तात्पुरतं, नंतर बघू. त्याच्या शेजारी नाव माझं.

मला ती संध्याकाळ आठवली. म्हणजे आधी वास आठवला, जळक्या रबराचा, कुणाचं तरी चार्जर तापलं होतं. पडदा लागत नव्हता. साहेब दर दहा मिनिटांनी दारात येऊन नुसते उभे राहत होते. मी ती नकाराची ओळ पाहिली होती. नक्की पाहिली होती. आणि तिचं कारण शोधत बसण्याऐवजी मी नकार देणाऱ्याचंच तोंड बांधलं, पडदा झळकन् लागला, लांब्याने टाळी वाजवली, साहेबांनी पाठ थोपटली. मी घरी जाताना शीळ घालत होतो. नंतर बघू. नंतर म्हणजे कधी, हे आमच्या धंद्यात कुणी कुणाला विचारत नाही.

मग मी पडद्याचा ड्रायव्हर वाचला. बोट ठेवून, एकेक ओळ, लहान मुलं वाचतात तसा. सुरू होताना तो सत्तेचाळीसवर आपलं नाव लावत होता, पण हात घालत नव्हता. हात घालायचा तो पडदा विझवताना. पडद्याला दहा मिनिटं कुणी बोट लावलं नाही की पडदा विझायचा, आणि त्याच क्षणी हा सत्तेचाळीस पिन खेचून आपल्याकडे घ्यायचा. कुणी बोट लावलं की पडदा जागा व्हायचा आणि पिन बझरला परत. मधल्या वेळात बझरचा ड्रायव्हर कितीही ओरडला तरी आवाज निघणार नव्हता, आणि त्याला बिचाऱ्याला हे कळणारही नव्हतं. तो आपला हुकूम सोडून नोंद करणार: अलार्म दिला. मी उठून चाचणीवालीच्या टेबलाशी गेलो. तिने एका कानातलं बोंड काढलं.

"अलार्मची चाचणी तू कशी घेतेस गं?"

"कशी म्हणजे? नळी दाबायची. वाजतं. लिहायचं."

"नळी दाबायच्या आधी पडद्याला हात लावतेस?"

"लावते ना. वेळ बघायला लागते की. का, काय झालं सर?"

"हात न लावता कधी घेतलीयेस?"

"कशाला?" ती म्हणाली, आणि मग माझ्या तोंडाकडे बघून तिने दुसरंही बोंड काढलं. "सर, बसा जरा."

बसलो नाही. पाण्याच्या पिंपापाशी जाऊन उभा राहिलो. म्हणजे आमचं मशीन कुणी बघत असेल तोवर ओरडणार आणि कुणी बघत नसेल तेव्हा मुकं. ज्याला श्वास कमी पडतो त्याच्या उशाशी ठेवायचं, नळीतून ऑक्सिजन देणारं मशीन. चाळीस चाचण्या, चाळीस वेळा होय, चाळीसही वेळा समोर कुणीतरी बसलेलं. पिंपातून एक बुडबुडा वर आला. मला आईचा घसा आठवला. झोपेत तिच्या घशातून असाच एखादा बुडबुडा फुटल्यासारखा आवाज यायचा, आणि मी रविवारी तिच्या खोलीत बसलेला असलो की आधी पडद्यावरचे आकडे बघायचो, मग तिच्याकडे.

आई दादाकडे असायची. वडील गेल्यावर ती कुणाकडे राहणार हा प्रश्न आमच्यात निघालाच नाही, कारण वहिनीने तो निघू दिला नाही. वडील गेल्याच्या आठवड्यातच तिने आतल्या खोलीतलं टेबल हलवून खाट लावली. मी मशीन दिलं. कंपनीच्या माणसांना मिळतं तसं एक मिळवलं, खांद्यावरून दोन जिने चढवून नेलं, आणि त्या दिवसापासून आईचं करणाऱ्यांत माझंही नाव लागलं. बाकी सगळं वहिनीने केलं. अंग पुसणं, केस विंचरणं, कूस बदलणं, भांडं देणं आणि उचलणं. मी रविवारी जाऊन मशीनची जाळी झटकायचो आणि पाहुणचार घेऊन यायचो. आई म्हणायची, "छोट्याचं मशीन आहे म्हणून मी आहे." वहिनी तिथेच उभी असायची, भिजलेले हात पदराला पुसत, आणि हसायची. मला तेव्हा खटकलं नाही. आयत्या बिळावरचा नागोबा होतो मी, आणि मला वाटायचं बीळ मीच खणलंय.

अकरा महिन्यांपूर्वी, एका दुपारी, आईने झोपेत कूस बदलली आणि नळी खाटेच्या लोखंडी पट्टीखाली सापडली. वहिनी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होती. मधलं दार उघडं होतं. ती औषधाचं पाणी घेऊन आत गेली तेव्हा लाल दिवा लागलेला होता आणि आईचे ओठ निळे होते. चौथ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन गेलो. कुणी बोलावलं नव्हतं, माझा मीच गेलो, जाणकार म्हणून. मशीनमधली नोंद काढून दादाला वाचून दाखवली. दोन वाजून दहा मिनिटं, अलार्म दिला. दोन पंचेचाळीस, अलार्म थांबवला. पस्तीस मिनिटं. दादाने वहिनीकडे पाहिलं.

"वाजलं नाही हो," वहिनी म्हणाली. "भाऊजी, तुम्ही तरी सांगा यांना. मी इथेच होते. वाजलं नाही."

"वहिनी, दिवा आणि आवाज एकाच हुकुमावर चालतात," मी म्हणालो. "दिवा लागला म्हणजे वाजलंच. मशीन खोटं बोलत नाही गं." आणि वर मोठ्या मनाने जोड दिली, "माणूसच आहे. लागते एखादी डुलकी."

घडी केलेला एक टॉवेल वहिनीच्या मांडीवर होता, तो तिने उलगडला आणि पुन्हा घडी घातली. दोन महिन्यांनी ती एकटीच कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आली. मी गेलो होतो त्या दिवशी स्वयंपाकघरात मला म्हणाली, "कान चांगले आहेत म्हणे. वयाच्या मानाने उत्तम." मी म्हणालो, बरं झालं की. ती सिंकमधल्या भांड्यांकडे बघत म्हणाली, "बहिरी निघाले असते तर बरं झालं असतं, भाऊजी. ऐकू आलं नाही असं तरी म्हणता आलं असतं. आता हे म्हणतात, ऐकू आलं आणि उठली नाही." डॉक्टरचा कागद फ्रिजवर पडून होता. दादाने तो तिथून हलवला नव्हता आणि वहिनीनेही नाही. दादा तेव्हापासून तिच्याशी कामापुरतं बोलायचा, आणि माझ्यासमोर तर तेही माझ्यामार्फत. तिला सांग, गॅस बंद कर म्हणावं. अठ्ठावीस वर्षांचा संसार. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी ऐकलेलं होतं. चोराने स्वतः पुरावा वाचून दाखवल्याचं कधी ऐकलं नव्हतं.

साहेबांकडे गेलो तर ते नखं कापत होते. सगळं नीट ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही, कात्रण कागदात गुंडाळून टोपलीत टाकलं. बाहेर बाराशे मशीनं आहेत, त्यांनी विचारलं, तक्रार आलीय का एक तरी? मी म्हणालो, कोण करणार तक्रार? दिवा लागलेला दिसतो, नोंद असते, घरातली माणसं एकमेकांकडे बघतात. साहेब म्हणजे वाईट माणूस नव्हे, मुलीच्या लग्नात माझ्या पोराला मांडीवर घेऊन जेवला होता. "दुरुस्ती आजच्या आज पाठव," ते म्हणाले. "पण कारण लिहू नकोस. किरकोळ सुधारणा म्हण. झाकली मूठ सव्वा लाखाची. गेलेलं माणूस काही परत येत नाही." मी त्यांना आईबद्दल सांगितलं नव्हतं. सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मलाही हेच हवं होतं. जाग्यावरून उठल्यापासून मी दुसरं काही शोधतच नव्हतो, हेच वाक्य कुणीतरी वरच्या माणसाने माझ्यासाठी म्हणावं म्हणून आलो होतो. एक शब्द 'नाही'चा 'होय' करायचा, यादीतली एक ओळ पुसायची, की संपलं. वहिनीला सवय झालीय. दादा आतून मऊ आहे, आज ना उद्या बोलेल. आणि सांगितलं तर? दादाने मला लहानपणी सायकलवर पुढे बसवून शाळेत नेलं, पुढे माझी कॉलेजची फी भरली, चारचौघांत माझा धाकटा इंजिनियर म्हणून मिरवलं. तो मला दार उघडेल का पुन्हा? आईला मी मारलं, हे वाक्य मी तोवर मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. साहेबांच्या केबिनमध्ये, त्या नखांच्या टोपलीकडे बघताना, म्हटलं. काही कोसळलं नाही. बाहेर कुणीतरी झेरॉक्स काढत होतं.

दुरुस्ती पाठवली. कारणाच्या जागी किरकोळ सुधारणा लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग सगळं पुसून खरं होतं ते लिहिलं. पडदा विझलेला असताना अलार्म वाजत नाही, चूक माझी, तारीख अमुक. दुरुस्ती होईपर्यंत पेशंटला एकटं सोडू नका, प्रत्येक घरी फोन करा. खाली माझं नाव, आणि सर्व्हिसच्या सगळ्या पोरांना एकदम धाडून दिलं. हा काही शूरपणा नव्हता. थांबलो असतो तर पाठवलं नसतं, एवढं मी मला ओळखतो. मशीनवर मात्र मी ते करून पाहिलं नाही. चाचणीवाली म्हणाली, सर, एकदा पडदा विझवून नळी दाबून बघू या का? मी म्हणालो तू बघ, आणि बॅग उचलली. मला ते दुसरीकडे करायचं होतं. जिन्यातच साहेबांचा फोन वाजायला लागला.

दार दादाने उघडलं. कामावरून नुकताच आला होता, एका पायात मोजा होता. "अरे छोट्या? आज सोमवारी कसा काय?" मी म्हणालो, आईचं मशीन कुठंय. ते आतल्या खोलीतच होतं, खाटेच्या उशाशी, जुन्या चादरीखाली. मशीन परत घेऊन जा असं मला कुणी म्हटलं नव्हतं आणि मीही कधी विषय काढला नव्हता. दादा म्हणाला, "आता कशाला ती पीडा?" वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आली होती. मी चादर काढली तसं तिने हात चौकटीवर ठेवला. मी प्लग लावला. धूळ तापल्याचा वास आला, पंखा घरघरला, पडद्यावर हिरवे आकडे आले. अकरा महिने बंद असलेलं मशीन, जुनंच कर्नल, नव्या दुरुस्तीची याला गंधवार्ता नाही. मी नळी दुमडली. लाल दिवा लागला आणि मशीन किंचाळलं. वहिनीने दोन्ही हात कानांवर घेतले.

"वाजतंय की चांगलं," दादा तिच्याकडे न बघता म्हणाला. "आणखी काय बघायचं राहिलंय?"

"दादा, बस. वहिनी, तूही बस. आता याला कुणी हात लावायचा नाही. दहा मिनिटं."

दादा खाटेच्या कडेला बसला, वहिनी दाराशी खुर्चीवर, मी जमिनीवर. आणि मी सांगितलं. पिना, नोंद, नकार सगळं सांगायला गेलो आणि अडखळलो. दादाला त्यातलं काय कळणार. मग एवढंच म्हणालो की एक कुलूप होतं, ते मी काढलं, घाई होती म्हणून, आणि परत लावायला विसरलो. मशीनकडे कुणी बघत असेल, पडद्याला हात लावत असेल तेव्हाच ते ओरडतं. त्या दुपारी कुणी बघत नव्हतं. वहिनी माझ्याकडे नाही, मशीनकडे बघत होती. दादा म्हणाला, "तूच वाचून दाखवलं होतंस. वेळेसकट." मी म्हणालो, हो. "मशीन खोटं बोलत नाही, तूच म्हणालास." मी म्हणालो, हो. खिशात फोन थरथरत होता, मी तो काढला नाही. हिरव्या आकड्यांखाली घड्याळ सरकत होतं. सात मिनिटं. आठ. कुणाच्या तरी घरात नळ सोडला होता. दादाचा मोजा घातलेला पाय दुसऱ्या पायावर होता आणि बोटं आत हलत होती. आईच्या खाटेवर नुसती गादी होती, उशी नव्हती. मला वाटलं, माझं कुठेतरी चुकलेलं असेल, कोड वाचताना एखादी ओळ निसटली असेल, आता वाजेल. आणि मी, देवाशप्पथ सांगतो, त्या घटकेला वाजावं म्हणून मनातून हात जोडले. वाजलं तर आई माझ्यामुळे गेली नाही. वाजलं तर वहिनी खोटी. मला दोन्ही चाललं असतं.

पडदा विझला.

"दादा," मी म्हणालो, "नळी दाब. पडद्याला हात लावू नकोस."

तो उठला. वाकून त्याने नळी उचलली, दोन बोटांत घेतली आणि चिमटली. आधी हलकेच, मग नखं पांढरी पडेपर्यंत. लाल दिवा लागला. पंखा तेवढा घरघरत होता. पलीकडचा नळ कुणीतरी बंद केला. दिवा लागलेलाच होता, आणि आम्ही तिघं त्या खोलीत ऐकत होतो.

"हेच," वहिनी म्हणाली. तिचा आवाज इतका साधा होता की मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. "हेच ऐकलं होतं मी."

दादा तिच्याकडे वळला. नळी त्याने तशीच धरून ठेवली होती.